अंगठ्याएवढं सावरडोह

१९७७ च्या मे महिन्यात देवाजी गजभिये मौद्याहून पहिल्या बसने नागपूरला आला आणि विचारत विचारत सिव्हिल लाइन्समधल्या धरणांच्या नकाशांच्या कचेरीत पोचला. साठीचा माणूस, डोक्याला पंचा, हातात कापडी पिशवी. कोणाला भेटायचंय म्हणून शिपायाने त्याला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्याने एकच उत्तर दिलं, "ज्यायच्यापाशी आमच्या गावाचा फोटो आहे, त्यायले."

शेवटी शिपायाने त्याला मागच्या खोलीकडे पाठवलं. तिथे तारा मेश्राम बसायची. विमानातून काढलेल्या फोटोंच्या प्रती काढायचं काम तिच्याकडे होतं. वय सत्तावीस, घर नागपुरातच, इंदोऱ्याला, पॉलिटेक्निकमधून फोटोग्राफीचा कोर्स करून ती चार वर्षांपूर्वी इथे लागली होती. शेतं, नाले, टेकड्या असं काहीबाही त्या फोटोंत असायचं. ती प्रत काढायची, मागे नंबर टाकायची आणि नकाशा काढणाऱ्यांकडे पाठवून द्यायची. त्यातल्या एखाद्या गावाचा माणूस टेबलापुढे येऊन उभा राहील असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"जयभीम बाई," देवाजी म्हणाला. बाहेर शिपायाने तिचं आडनाव सांगितलं असावं.

"जयभीम बाबा. बसा. गाव कोणतं?"

"सावरडोह. आता नाही ते. मागच्या पावसाळ्यात पाण्याखाली गेलं."

देवाजी त्या गावचा कोतवाल होता. धरणाच्या मोजणीला साहेब लोक आले, तेव्हा साखळीचं टोक धरून तोच त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडला होता. "त्यायच्यातल्या एका साहेबानं मले इमानातला फोटो दाखवला होता," तो सांगू लागला. "म्हणे, हे पाह्य, हे तुझं गाव. एवढंसं." त्याने आपला अंगठा पुढे केला. "मले तवा काही समजलं नाही. पण गाव त्याच्यात आहे, हे मी ध्यानात ठेवलं."

"मग आता काय करायचं त्याचं?"

"ते मोठं करून द्या. घरं दिसली पाह्यजे."

तो पुढे सरकून बसला. "नव्या वस्तीत आमाले नंबरानं प्लॉट भेटले, बाई. आज जो माह्या शेजारी राहते, त्याचं घर तिकडं पार नदीवर होतं. लेकरं इचारतात, आबा, आपलं गाव कसं होतं. मी काडीनं मातीत काढून दाखवतो. तेवढ्यात बळीराम येते अन् म्हणते, असं नव्हतं, चावडी वडाच्या इकडं होती. मग भांडण. दोन वर्स नाही झाले गाव सोडून, अन् आमी इसरून राहिलो."

तारा त्याला घेऊन गोपाळराव पांढरीपांड्यांकडे गेली. गोपाळराव विभागाचे प्रमुख होते, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराण्यातले, निवृत्तीला एक वर्ष उरलेले. विमानाचे सगळे फोटो आणि फिल्मची रिळं एका लोखंडी कपाटात असत आणि त्या कपाटाची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. त्यांनी देवाजीचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"हे फोटो बाहेर देता येत नाहीत हो. त्यात धरणाची जागा आहे, रस्ता आहे, पूल आहे. नियम कडक आहेत."

"मले पूल नको, साहेब. नुसतं गाव द्या."

 गोपाळरावांनी कागद ओढला. "वर लिहून बघतो. होईल असं म्हणत नाही."

बारा दिवसांनी वरून उत्तर आलं. फक्त गावठाणाचा, नदीकाठापर्यंतचा भाग द्यावा. त्याबाहेरची एक रेघही दिसता कामा नये. एकच प्रत, विभागप्रमुखांच्या देखरेखीखाली.

परवानगी मिळाल्यावर तारापुढे खरी अडचण उभी राहिली. फोटो वीतभर लांब, वीतभर रुंद होता आणि त्यात सावरडोह खरंच अंगठ्याएवढं होतं. पहिल्यांदा तिने सोपा मार्ग धरला. तयार प्रतीवर कॅमेरा लावला, तेवढ्याच भागाचा फोटो काढला आणि तो वाढवला. घरं मोठी झाली, पण त्यांच्या कडा कालवलेल्या दहीभातासारख्या झाल्या. कुठे घर संपतं आणि कुठे गल्ली सुरू होते, कळेना.

"हे द्यायचं का?" गोपाळरावांनी विचारलं.

"नाही साहेब. प्रतीची प्रत काढली की दर वेळी थोडं हरवतं. मला मूळ फिल्म लागेल."

गोपाळरावांनी कपाट उघडून पत्र्याचा गोल डबा काढला. त्यावर शाईने तारीख होती, १५ मार्च १९७०. डबा हातात देताना ते म्हणाले, "रीळ कापायचं नाही, मेश्रामबाई. एक फ्रेमसुद्धा नाही."

"कापणार नाही. काळ्या कागदाला गावाएवढी खिडकी पाडते. उजेड तेवढ्यातूनच जाईल."

तिने फिल्म काचेच्या उजळ पेटीवर पसरली, भिंग डोळ्याला लावलं आणि वाकली. फिल्मवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. पण नजर सरावली तसं तिला दिसायला लागलं. कागदावरच्या प्रतीत जिथे खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका होता, तिथे इथे छप्पर होतं, छपराला मधली धार होती, धारेच्या एका अंगाला उजेड होता आणि दुसऱ्या अंगाला सावली. शेजारी आवार, आवाराला कुंपण, कुंपणात जायची वाट. सात वर्षं हे सगळं डब्यात गुंडाळलेलं होतं आणि त्यातलं काहीही कमी झालेलं नव्हतं. फिल्मच्या कडेला विमानातल्या घड्याळाचं बारीकसं चित्र उमटलं होतं. आठ वाजून पन्नास मिनिटं. ताराने भिंग खाली ठेवलं. आजवर तिने अशा शेकडो फिल्मवरून प्रती काढल्या होत्या. त्या प्रत्येकीत हे सगळं होतं की काय, असं तिच्या मनात आलं.

नागपूरचा मे. दुपारी पारा सेहेचाळीसवर जायचा आणि डार्करूममधलं पाणी हाताला चटका द्यायचं. एवढ्या गरम पाण्यात कागदावरचा मसाला मऊ पडतो आणि बारीक रेघा विरघळून जातात. म्हणून तिने काम सकाळच्या गारव्यात करायचं ठरवलं. साडेसहाला ती पोचली, तेव्हा गोपाळराव महालातून सायकल हाणत आधीच आले होते आणि व्हरांड्यात बर्फाच्या लादीजवळ उभे होते. लादी त्यांनीच आणवली होती. बर्फ घमेल्यात फोडून त्यात त्यांनी पाण्याचे ट्रे बसवले.

"मी आत थांबलो तर चालेल का?" त्यांनी विचारलं. "देखरेख म्हटलंय कागदावर."

"थांबा की साहेब. फक्त हलू नका."

मोठं करायच्या यंत्राच्या पकडीपेक्षा फिल्म रुंद होती. ती दोन्ही बाजूंनी बाहेर येत होती. ताराने तिला खालून पुठ्ठ्यांचा आधार दिला आणि वरून काळं कापड टाकलं. टेबलावर हवी तेवढी उंची मिळेना, म्हणून यंत्राचं डोकं वळवून उजेड सरळ खाली फरशीवर पाडला. फरशी इंग्रजांच्या वेळची, जाड दगडाची होती. तिच्यावर काही थरथरत नव्हतं. पंखा बंद केला. तरी किती मोठं करायचं हा प्रश्न होताच. तिने कागदाच्या पट्ट्यांवर वेगवेगळ्या उंचीवरून करून पाहिलं. टोपल्याएवढं केलं की चित्र रव्यासारखं दाणेदार होऊन फुटायचं. मोठ्या भाकरीएवढं केलं की छपरांच्या धारा शाबूत राहायच्या. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं की कडा पसरायच्या, म्हणून तिने ते अर्ध्याहून थोडं जास्त मिटलं आणि उजेडाला दीड मिनिट दिलं. त्या दीड मिनिटात दोघांपैकी कोणी श्वास मोठ्याने घेतला नाही.

मग तिने कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडला आणि ट्रेची कड हळूहळू वरखाली करू लागली. लाल दिव्याच्या उजेडात कागद कोराच होता. अर्ध्या मिनिटाने त्यावर एक काळा गोल आला. मग झाडांच्या सावल्या. मग गल्ल्यांच्या रेघा एकमेकींना जाऊन मिळाल्या आणि त्यांच्यामधून, पाण्याखालून वर यावीत तशी, छपरं एकेक करून वर आली. 

"तो गोल," गोपाळराव हळूच म्हणाले, "विहीर आहे का?"

"हो साहेब."

तीस वर्षं नोकरी करून ते डार्करूममध्ये पहिल्यांदाच आले होते. ते खाली वाकून बघत राहिले. चष्म्यावर वाफ धरली होती, ती त्यांनी पुसली नाही. "या गावावरून पाण्याची निळी रेघ मीच ओढली आहे," ते म्हणाले. "नकाशावर नुसता एक चौकोन होता. नाव लिहिलेला."

 ताराने कागद उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये टाकला.

प्रत वाळल्यावर ती डाग काढायला बसली. फिल्मवर धुळीचा कण असला की कागदावर पांढरा ठिपका येतो आणि तो बारीक ब्रशने शाई भरून बुजवावा लागतो. असे सहा-सात ठिपके होते, ते तिने बुजवले. गावाच्या पूर्वेकडच्या टोकाला, एका घराच्या अंगणात, आणखी एक होता. नखाएवढा, पांढराशुभ्र, चौकोनी. तिने ब्रश शाईत बुडवला आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं. मग हात तसाच धरून ठेवला. त्या पांढऱ्या चौकोनाच्या एका कडेला केसाएवढी काळी रेघ होती. धुळीच्या कणाला सावली पडत नाही. सावली पडते म्हणजे जमिनीपासून उंच असलेलं काहीतरी तिथे होतं. तिने ब्रश पुसून ठेवून दिला.

शुक्रवारी देवाजी आला. ताराने फोटो टेबलावर ठेवला आणि तो खुर्चीत न बसता उभ्यानेच बघू लागला. बराच वेळ त्याला काही ओळखू येईना. पाखरू बघतं तसं गाव त्याने कधी पाहिलं नव्हतं. ताराच्या लक्षात आलं. तिने फोटो फिरवून त्याच्यासमोर आडवा धरला.

"ही नदी. तुम्ही नदीकडून गावात शिरताय असं समजा."

देवाजीने बोट नदीवर ठेवलं, फोटोला न टेकवता, वरच्यावर. बोट हलत हलत पुढे सरकलं. "हा वड," तो म्हणाला. "ही चावडी. वडाच्या तिकडंच आहे, मी म्हणत होतो तशी. हे विश्वनाथचं घर. हा माणूस मेला. ही शाळा. इथून असं वळलं की..." बोट त्या पांढऱ्या चौकोनाशी येऊन थांबलं.

"हे माहं आंगन आहे," तो म्हणाला. "पन ह्याच्यात हे पांढरं काय आहे?"

"मलाही कळलं नाही, बाबा. डाग नाही एवढं नक्की."

"फोटो कवाचा आहे?"

"पंधरा मार्च, सत्तर साल. सकाळी आठ पन्नासचा."

"रविवार होता," गोपाळराव म्हणाले. त्यांनी जुन्या पंचांगात आधीच बघून ठेवलं होतं.

देवाजी खाली बसला. खुर्ची जवळ असून तो जमिनीवरच बसला. तारा पाणी आणायला उठली, तर त्याने हाताने थांब म्हटलं.

"कौसल्याचं लगन," तो म्हणाला. "माह्या पोरीचं. हा मांडव आहे, बाई. मौद्याहून नवीन कापड आनलं होतं मांडवाले." तो पुढे सांगू लागला. "वऱ्हाड येऊन बसलं होतं. चहापोहे चालू होते. अन् इमान आलं. लय खाली आलं होतं, असा आवाज. लेकरं पळून राहिले होते बाहेर पाह्यले, तर मी त्यायले दापलं. मी म्हणलं, पाव्हन्यायसमोर गोंधळ करता का, बसा खाली."

तो उठला आणि पुन्हा फोटोवर वाकला. "मी मघापासून पाहून राहिलो, गल्लीत कोनी कसं नाही, आंगनात कोनी कसं नाही. सारं गाव ह्याच्याखाली आहे. कापडाखाली. दीडशे माणसं."

गोपाळरावांनी चष्मा काढला. 

पुढच्या रविवारी तारा नव्या सावरडोहला गेली. देवाजीने बोलावलं होतं, पण नुसतं बोलावलं म्हणून नव्हे, तिला स्वतःलाच जावंसं वाटत होतं. मौद्यापर्यंत बस आणि पुढे बैलगाडी. वस्ती सरळ रेघेत होती, सारख्या घरांची. शाळेच्या व्हरांड्यात फोटो काच लावून भिंतीला टेकवला होता आणि लोक एकेक करून येत होते. बळीराम आला, चावडीजवळ नाक नेऊन बघितलं, देवाजीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे गा तुहं." एवढं बोलून तो बाजूला झाला. एक म्हातारा आपल्या गोठ्याचं छप्पर बघून परत परत सांगत होता की ते त्या साली नवीनच शाकारलं होतं. बायका आपापल्या घरापासून विहिरीपर्यंत बोट नेत होत्या आणि त्या वाटा काचेखाली खरोखरच होत्या, पावलांनी पांढऱ्या झालेल्या.  मांडवाशी आलं की प्रत्येकजण थांबत होता. मी कुठे बसलो होतो, माझी माय कुठे बसली होती, हे त्या नखाएवढ्या पांढऱ्या चौकोनात प्रत्येकाला ठाऊक होतं.

"अजून मोठं नाही होत का, बाई?" कोणीतरी विचारलं.

"फिल्ममध्ये होतं तेवढं सगळं आलंय. यापुढे वाढवलं तर नुसते दाणे दिसतील."

सगळ्यांत शेवटी देवाजीची बायको तुळसाबाई आली. स्वयंपाकात अडकली होती. ओले हात लुगड्याला पुसत ती फोटोसमोर बसली आणि नवऱ्याने दाखवलं तसं तिने नदी, वड, घर सगळं पाहिलं.

"सारे मांडवात होतो आपन," देवाजी म्हणाला.

"मी नव्हती," तुळसाबाई म्हणाली.

"काहून? तू कुठं होती?"

"पानी सरलं होतं. वऱ्हाड आलं न् पानी सरलं. पोरीयले कसं पाठवू लगनातून? मीच गेली नदीवर. तुमाले सांगत बसली नाही." ती ताराकडे वळली. "इमान माह्या डोक्यावरून गेलं वं माय. मी वर पाह्यलंबी नाही. डोक्यावर पान्याचे दोन गुंड होते."

ताराने पिशवीतून भिंग काढलं. घरामागून नदीकडे जाणारी वाट तिने सुरुवातीपासून तपासायला घेतली. वाट दोन झाडांमधून उतरत होती, एका शेताच्या धुऱ्याला, बांधाला वळसा घालत होती आणि मग उघड्या रेतीतून नदीपर्यंत जात होती. त्या उघड्या जागेत एक ठिपका होता. मोहरीएवढाही नाही. ताराने तो याआधी पाहिला असेल तरी तिच्या लक्षात आला नव्हता. ठिपक्याच्या डाव्या अंगाला, सकाळच्या उन्हात पडावी तशी, एक तिरपी काळी काडी होती. मांडवाची सावली ज्या बाजूला पडली होती, त्याच बाजूला.

ती बराच वेळ वाकलेली राहिली. तिच्या मानेला रग लागली. मग तिने भिंग तुळसाबाईच्या हातात दिलं आणि कुठे बघायचं ते दाखवलं.

"मी खात्रीने सांगू शकत नाही," ती म्हणाली. "एवढ्याशा ठिपक्यावरून माणूस कोण ते ओळखता येत नाही. झुडूपही असू शकतं."

"त्या रेतीत झुडूप नव्हतं," तुळसाबाई म्हणाली. भिंगातून डोळा न काढता ती बोलत होती. "मीच आहे. लगन सोडून दुसरं कोन जाईल तिकडं?"

देवाजीने भिंग घेतलं. मग बळीरामने, मग बायकांनी. ठिपका सगळ्यांना दिसला. ज्याने पाहिलं तो मागे सरकून तुळसाबाईकडे बघत होता, ती आत्ताच कुठूनतरी आल्यासारखी. तुळसाबाई मात्र मांडी घालून शांत बसली होती.

"कोनाले ठाऊक नव्हतं मी तिथं आहे म्हणून," ती म्हणाली. "ह्यायले नाही, पोरीले नाही. एकटी जाऊन राहिली होती मी. अन् त्या वक्ताले आभायातून मले कोनी पाहून राहिलं होतं."

 विमानातला कॅमेरा कोणाला बघत नसतो, ठरलेल्या सेकंदाला आपोआप उघडतो आणि मिटतो, हे ताराला माहीत होतं. ते तिथे सांगावंसं तिला वाटलं नाही. ते पुरतं खरं आहे की नाही, याचीही तिला त्या घटकेला खात्री राहिली नव्हती.

थोड्या वेळाने लोक पांगले. लेकरं भिंगासाठी मागे लागली, तेव्हा देवाजीने त्यांना रांगेत उभं केलं. तुळसाबाई ताराला घरी घेऊन गेली आणि ताट वाढलं. तारा जेवत असताना ती समोर बसून होती.

"त्या इमानात कोन होतं, बाई? नाव असन ना त्याचं?"

"असेल. मला माहीत नाही. डब्यावर फक्त तारीख होती."

तुळसाबाईने ताटात आणखी भात घातला.

"भेटला कधी, तर सांगजा त्याले," ती म्हणाली. "लगनाच्या घरावरून गेला अन् जेवून नाही गेला. उतरला असता तर आमी वाढलं असतं."